पोटखराबा

आमच्या गोवंडीच्या चाळीपुढे मुले दरवर्षी दिवाळीत किल्ला करतात. इथे चांगली माती मिळत नाही. पाडलेल्या घरांच्या विटा, कोणाच्या तरी मोरीखालून निघालेले राबीट, कुठूनशी मागून आणलेली दोन घमेली माती आणि वाण्याकडची फाटकी गोणपाटे एवढ्या भांडवलावर बुरूज उभे राहतात. गोणपाटावर मोहरी नि हळीव पेरतात आणि धनत्रयोदशीपर्यंत डोंगर हिरवागार होतो. गेल्या दिवाळीत किल्ल्याच्या डाव्या अंगाला मुलांनी एक सपाट जागा मोकळी सोडली होती. तिथे मोहरी नव्हती, घर नव्हते, एखादा मावळाही नव्हता; होती ती नुसती एक फुटकी काळी फरशी. मला मोठे कौतुक वाटले. मी विचारले, "हे पठार का रे?" त्यावर किल्ल्याचा दहा वर्षांचा मुख्य कारभारी गंभीरपणे म्हणाला, "नाही सर, ते पार्किंग आहे."

आम्ही सगळे हसलो. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर ते हसू काही पचेना. त्या पोराचे काय चुकले? मोकळी जागा म्हणजे कशाने तरी भरायची राहून गेलेली जागा, हेच शिक्षण त्याला जन्मल्यापासून मिळाले आहे. आणि त्यालाच कशाला? दप्तराच्या भाषेत सरकारने, व्यासपीठाच्या भाषेत पुढाऱ्यांनी आणि सदिच्छेच्या भाषेत वृक्षप्रेमींनी तुम्हाआम्हा सर्वांना हेच शिकवले आहे. या शिकवणुकीविरुद्ध माझी तक्रार आहे. ऐन दिवाळीत फराळाच्या ताटाशी भांडण उकरून बसल्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. पण चकलीत थोडे तिखट लागतेच.

भांडण एका शब्दापासून सुरू होते. सातबाराचा उतारा ज्यांनी पाहिला असेल त्यांना त्यातली पोटखराब्याची नोंद ठाऊक असेल. शहरातल्या वाचकाला वाटेल की हा फराळ जास्त झाल्याचा परिणाम. तसे नव्हे. एखाद्या गटाच्या पोटात जेवढी जमीन लागवडीला अयोग्य, तेवढी पोटखराबा. त्यातही दोन वर्ग आहेत. खडकाळ वगैरे कारणांनी जी पिकाच्या कामाची नाही ती वर्ग 'अ'. रस्ता, पाण्याचा प्रवाह अशा सार्वजनिक कारणासाठी जी राखली ती वर्ग 'ब'. ज्या कातळातून मूठभर वरी निघत नाही त्यावर आकार बसवू नये, यात शेतकऱ्याचे हितच होते. तेव्हा त्या नोंदीशी माझे वैर नाही. माझे म्हणणे एवढेच की साऱ्याच्या हिशेबासाठी काढलेला हा शब्द आपण जमिनीच्या चारित्र्याचा दाखला समजून बसलो. पिकत नाही, म्हणून खराब. खराब, म्हणून कोणाची नाही. कोणाची नाही, म्हणून वाटेल त्याची. या तीन पायऱ्या आपण इतक्या सहज उतरतो की मधे कुठे घसरलो हे कळतही नाही. केंद्र सरकारच्या भूसंसाधन विभागाने २०१९ साली देशातील पडीक जमिनींचा नकाशासंग्रह काढला, त्यातही नापीक खडकाळ जमिनीला पडीकाच्याच पंगतीत पान वाढले आहे. अडाणी तलाठ्यापासून उपग्रहाचे डोळे असलेल्या शास्त्रज्ञांपर्यंत सगळ्यांचे एकमत. कातळ म्हणजे पडीक.

आता कोणी म्हणेल, गोवंडीच्या मास्तराला, तेही दहावीपुढे न गेलेल्या, या उठाठेवी कशाला? मी म्हणतो, या विषयावर बोलण्याचा अधिकार गोवंडीकराइतका दुसऱ्या कोणाला नाही. १९२७ साली मुंबई शहराने आपला कचरा टाकण्यासाठी आमच्या उशाशी देवनारची जागा धरली. खाडीकाठची दलदल ती. पीक नाही, पाया धरत नाही, मग तिचा उपयोग काय? शहराच्या हिशेबी तो पोटखराबाच होता. आज जवळजवळ शंभर वर्षे झाली. तुर्भ्याची टेकडी अणुसंशोधन केंद्राच्या कुंपणामागे गेली, ते समजण्यासारखे आहे. पण मग आमच्या मुलांच्या नजरेला डोंगर म्हणून उरला तो कचऱ्याचा. २०१६ च्या जानेवारीत तो पेटला तेव्हा त्याचा धूर उपग्रहांच्या छायाचित्रांत उमटला आणि परिसरातल्या पालिकेच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. आणि नियतीचा विनोद पहा. त्याच ठाण्याच्या खाडीत, जिथे हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात, २०१५ साली अभयारण्य जाहीर झाले आणि २०२२ साली ती खाडी जागतिक महत्त्वाच्या पाणथळांच्या रामसर यादीत गेली. आजोबांच्या पिढीने जी दलदल निरुपयोगी ठरवली तिला नातवांच्या पिढीत मानाचे पान मिळाले. मधल्या काळात आमच्या वाट्याला जे यायचे ते येऊन गेले. ज्या जमिनीला 'तिथे काही नाही' म्हणतात तिच्यावर पुढे काय येते, हे आम्हाला पुस्तकातून शिकावे लागत नाही. वारा फिरला की नाकाला कळते.

म्हणूनच असेल कदाचित, पण आम्हा पाच मित्रांना उघड्यावर चालण्याचे व्यसन लागले. एक पोस्टात आहे, एक रिक्षा चालवतो, एक औषधाच्या दुकानात, एक नुकताच निवृत्त झालेला फिटर आणि पाचवा मी. रविवारी पहाटेची हार्बरची पहिली गाडी धरून पनवेल गाठायचे आणि तिथून एस.टी. नेईल त्या पायथ्याशी उतरायचे. शिखरावर झेंडा लावण्याची हौस आम्हाला कधी नव्हती. माथ्यावरचे पठार लागले की आम्ही खूश. चढताना माणसाला स्वतःचा श्वास तेवढा ऐकू येतो. पठारावर मात्र दोघेतिघे शेजारी शेजारी चालू शकतात आणि बोलू शकतात. मैत्री खरी मुरते ती सपाटीवर.

आमच्या रिक्षावाल्या मित्राचे गाव राजापूर तालुक्यात. एका वर्षी गौरीगणपतीला त्याने सगळ्यांना घरी नेले. घर गावात, गाव खोऱ्यात आणि वर उघडा सडा. अंगणात रांगोळीआधी शिंपतात तो सडा वेगळा. कोकणात सडा म्हणजे जांभ्या दगडाचे विस्तीर्ण, सपाट, वृक्षहीन माथे. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सड्यावर निघालो तेव्हा मित्राचे थोरले काका ओटीवरून म्हणाले, "सड्यावर काय हाय मास्तर बघण्यासारखं? तिथं गुरं जातात." आम्ही पाखाडीने चढू लागलो. काका काठी घेऊन मागोमाग आलेच.

वर पोचलो आणि पाचही जण गप्प झालो. डोळा अडेल असे काही नाही. चहूकडे काळाभोर ओला कातळ आणि त्याच्या खळग्याखळग्यांतून निळ्याजांभळ्या, पिवळ्या, पांढऱ्या रंगांच्या चिंध्या पसरलेल्या. वाकून पाहिले तेव्हा कळले की एकेक चिंधी म्हणजे बोटाच्या पेराएवढ्या हजारो फुलांची वस्ती. निळी ती सीतेची आसवे, पांढरे ठिपके ते गेंद, पिवळा तो कवला. मातीचा थर काही ठिकाणी दोन बोटेही नव्हता. अशा उपाशी मातीत जगायचे कसे? सीतेच्या आसवांनी त्यावर आपला तोडगा काढला आहे. या वनस्पतीला बारीक फुगे असतात आणि त्यांत ती पाण्यातले सूक्ष्म जीव पकडून खाते. दवबिंदू नावाची तिची एक मैत्रीण चिकट थेंबांवर किडे धरते. चार महिन्यांत उगवायचे, फुलायचे, बी टाकायचे आणि वैशाखात कातळ तव्यासारखा तापण्यापूर्वी संसार आवरायचा. आमच्या झोपडपट्टीतल्या बायकांनी या फुलांना लगेच ओळखले असते.

जांभा म्हणजे काळ्या दगडाचेच म्हातारपण. लाखो वर्षांच्या उष्ण हवेने आणि पावसाने दगडातले विरघळणारे ते सगळे वाहून गेले. लोखंडाची आणि ॲल्युमिनियमची संयुगे मागे राहिली. म्हणून तो तांबडा आणि म्हणून तो सच्छिद्र. फ्रान्सिस बुकानन या इंग्रजांच्या अधिकाऱ्याने मलबारात हा दगड पाहिला आणि १८०७ साली वीट या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याचे 'लॅटराइट' असे नाव ठेवले. त्याला दगड दिसलाच नाही, वीट दिसली! खोटे कशाला बोला, ज्या घरात आम्ही उतरलो होतो तेही जांभ्याच्या चिऱ्यांचेच होते. घराला चिरे लागतात, त्यात पाप नाही. पण आईच्या अंगावर दागिने आहेत म्हणून आईला कोणी सराफाचे दुकान म्हणत नाही.

रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. त्यातला बराचसा वाहून जातो हे खरे. पण सड्यावर जो पडतो त्यातला काही भाग या सच्छिद्र दगडात जिरतो, खालच्या चिकणमातीच्या थरावर अडतो आणि डोंगराच्या कुशीतून झऱ्यांनी बाहेर येतो. खालच्या वाड्या, विहिरी आणि आगरे त्या झऱ्यांच्या आधाराने वसली आहेत. हे मला नंतर वाचून कळले. काकांनी ते सड्यावर उभ्या उभ्याच सांगितले होते. काठीने खालची आपल्या घराजवळची विहीर दाखवून ते म्हणाले, "तिच्यात पाणी कुठनं येतं? पावसाळाभर सडा पितो, मग आमाला पाजतो." आणि याच काकांनी तासापूर्वी विचारले होते, सड्यावर काय हाय! घरच्या म्हाताऱ्या माणसाविषयी आपण असेच बोलतो. सगळे घर त्याच्यावर चालते आणि पाहुण्याने विचारले तर म्हणतो, 'ते काही करत नाहीत, बसून असतात.'

त्या संध्याकाळी घरात गौर पाहिली. ती सोन्याची नव्हती, मुखवट्याचीही नव्हती, तेरड्याची होती. सड्याच्या उतारावरून माहेरवाशिणी तेरडा उपटून आणतात, त्याची जुडी बांधतात, तिला साडी नेसवतात आणि तीच गौरी म्हणून पुजतात. तेरड्याचा रंग तीन दिवस, असे आपण हिणवून म्हणतो. पण त्या तीन दिवसांत अख्खे गाव त्याच्यापुढे हात जोडून उभे असते. ज्या जमिनीतून देवी घरी येते तिला दप्तरात खराबा म्हणतात, हे त्या घरातल्या कुणाला सांगण्याचा धीर मला झाला नाही.

राजापूर तालुक्याच्या याच सड्यांवर कशेळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे या गावांत कातळचित्रे आहेत. कातळात कोरलेली माणसे, प्राणी, मासे, चौकटी आणि उलगडा न होणाऱ्या नक्षी. काही अभ्यासक त्यांचा काळ दहा हजार वर्षांमागे नेतात. कशेळीचा हत्ती सुमारे अठरा मीटर लांब आणि तेरा मीटर रुंद आहे आणि त्याच्या पोटात इतर प्राण्यांची चित्रेच चित्रे. ज्याने तो कोरला त्याला तरी हे पोट खराब वाटले नसावे! रत्नागिरीचे सुधीर रिसबूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे सडे पायी तुडवले, गुराख्यांना नि म्हाताऱ्यांना विचारले आणि ही चित्रे उजेडात आणली. २०२२ साली कोकणातल्या नऊ ठिकाणच्या कातळचित्रांचे नाव युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेले. त्यांतली आठ महाराष्ट्रातली आणि एक गोव्यातले. लक्षात घ्या, ही चित्रे मोटारीच्या काचेतून दिसत नाहीत. ती पायांनी शोधली गेली.

आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये त्याच बारसूच्या सड्यावर पोलिसांच्या बंदोबस्तात मातीची परीक्षा सुरू झाली. नाणारचा तेलशुद्धीकरण प्रकल्प २०१९ साली रद्द झाला होता. त्याला नवी जागा हवी होती. गावच्या बायका भर उन्हात वाटेवर आडव्या पडल्या. प्रकल्प चांगला की वाईट हा वाद मी या लेखात सोडवीत नाही. मला बोचला तो त्या वादात सर्वांत सहज फेकला गेलेला एक मुद्दा: जागा बहुतेक ओसाड आहे, मग तक्रार कसली? म्हणजे पाणी, फुले, गुरे, गौर आणि दहा हजार वर्षांचा हत्ती एवढे सगळे एका शब्दाने पुसून झाले. तोलायला पारड्यात काही ठेवलेच नाही आणि काटा कुणीकडे झुकला ते मात्र सांगितले!

यावर पहिला आक्षेप येतो तो पोटाचा, आणि तो मी मान खाली घालून ऐकतो. कोकणातला तरुण मुंबईला येतो, माझ्यासारख्याच्या शेजारी दहा बाय दहाच्या खोलीत राहतो, कारण गावात काम नाही. त्याला फुले दाखवून त्याचे पोट भरणार नाही. कबूल. पण मग हिशेब पुरता मांडा. कारखान्याच्या जमेच्या बाजूला नोकऱ्या लिहा आणि खर्चाच्या बाजूला विहिरी लिहा, चारा लिहा, झरे लिहा. साताऱ्याच्या माणसाला विचारा. त्याच्या शहराला पाणी देणारा कास तलाव पठाराच्याच कुशीत आहे. सगळे लिहून जो निर्णय होईल तो होवो. पण खर्चाचे पान कोरे ठेवून त्यावर 'पोटखराबा' असा शिक्का मारणे हा हिशेब नव्हे, ही लबाडी आहे.

दुसरे आक्षेपक आमचे वृक्षप्रेमी. ही माणसे मनाने फार चांगली असतात आणि म्हणूनच त्यांची अधिक भीती वाटते. उघडा कातळ दिसला की यांचे काळीज कळवळते. टिकाव येतो, पहार येते, प्रसंगी सुरुंगही येतो. खड्डा होतो, बाहेरची माती येते, रोप उभे राहते आणि छायाचित्र निघते. आंब्याकाजूच्या बागांसाठीही असेच कातळ फोडले जातात. बागाइतदाराला निदान आपण काय करतो ते ठाऊक असते. वृक्षप्रेमीला वाटते तो पुण्य करतो आहे. त्याला कोणी सांगावे की हे माथे कोणी उघडे केलेले नाहीत. ते असेच उघडे असतात आणि त्यांचे सगळे वैभव त्या उघडेपणातच आहे. टक्कल पडलेल्या गृहस्थाच्या संमतीवाचून त्याच्या डोक्यावर बळेच टोप बसवणे याला कोणी सेवा म्हणत नाही. डॉ. अपर्णा वाटवे यांच्यासारखे अभ्यासक वर्षानुवर्षे हे सांगत आले आहेत. पण खड्डा खणणाऱ्याच्या टाळ्यांत तो आवाज बुडून जातो.

तिसरा दोष आमचा, डोंगरात हिंडणाऱ्यांचा. त्याला मी सर्वांत कडक शब्द वापरणार आहे, कारण तो घरचा आहे. साताऱ्याजवळचे कासचे पठार सुमारे बाराशे मीटर उंचीवर. तिथे साडेआठशेहून अधिक जातींच्या फुलझाडांची नोंद आहे आणि २०१२ साली पश्चिम घाटाच्या इतर स्थळांबरोबर ते जागतिक वारशात गेले. मग आम्ही काय केले? गाड्यांच्या रांगा लावल्या, फुलांत लोळून छायाचित्रे काढली, शेवटी रोजच्या माणसांची संख्या ठरवून देण्याची वेळ आणली. कालपर्यंत जी पडीक होती ती एका रात्रीत प्रेक्षणीय झाली आणि दोन्ही वेळा तुडवलीच गेली. पडीक म्हणणारा आणि प्रेक्षणीय म्हणणारा यांच्यात मला फारसा फरक दिसत नाही. दोघेही एकच प्रश्न विचारतात, 'हिचा मला काय उपयोग?'

मग चालणेच बंद करावे काय? मुळीच नाही. उलट माझे सगळे म्हणणे चालण्याच्या बाजूने आहे. १६६० च्या जुलैत सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटून शिवाजी महाराज पन्हाळ्याहून विशाळगडाकडे निघाले, ते भर पावसाच्या रात्री मसाईचे पठार ओलांडून. दर जुलैत कितीतरी तरुण त्या वाटेने पावनखिंडीपर्यंत चालत जातात. बाजीप्रभूंची गोष्ट त्यांनी शाळेत पाठ केलेली असते. पण मसाईच्या धुक्यात वाट चुकून घोटाभर चिखलात उभे राहिल्यावर ती प्रथमच त्यांच्या पायांत शिरते. जमिनीची ओळख पायांनाच होते. नकाशाला ती होत नाही.

आणि हा केवळ हौशी लोकांचा नाद आहे असेही कोणी समजू नये. इंग्लंडात मँचेस्टरच्या धुराड्यांखाली राबणाऱ्या कामगारांना जवळच किंडर स्काउट नावाचे उघडे पठार दिसत असे. पण ते धनिकांच्या पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखलेले. २४ एप्रिल १९३२ रोजी बेनी रॉथमन या तरुण कामगाराच्या पुढाकाराने सुमारे चारशे माणसे मनाई मोडून त्या पठारावर चालत गेली. पाच जणांना तुरुंगवास झाला. त्यांनी काही लुटले नव्हते. ते चालले होते. पुढे १९४९ साली राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला, १९५१ साली तोच प्रदेश तिथले पहिले राष्ट्रीय उद्यान ठरला आणि २००० सालच्या कायद्याने इंग्लंड-वेल्समधल्या उघड्या माळांवर पायी हिंडण्याचा हक्क सर्वांना मिळाला. धुरातल्या माणसांना उघड्या माथ्याची किंमत आधी कळली, यात मला गोवंडीकर म्हणून काहीच नवल वाटत नाही.

मागणी काय, असे संपादक विचारतील. माझ्या मागण्या थोड्या आहेत. दप्तरात सड्याला सडा म्हणा. त्याचा स्वतंत्र वर्ग करा, त्यावर कोणते झरे नि कोणती चराई अवलंबून आहे ते लिहा. कोणत्याही सड्याचे भवितव्य ठरवायचे असेल तर ठरवणाऱ्या साहेबांनी तो एकदा भाद्रपदात आणि एकदा वैशाखात, या टोकापासून त्या टोकापर्यंत पायी चालावा. सोबत गावातला एक गुराखी असावा आणि बोलण्याचा पहिला मान त्याचा असावा. आम्ही हिंडणाऱ्यांनी मळलेल्या पायवाटेने किंवा उघड्या कातळावरून चालावे, गाडी खाली ठेवावी, फुलांत बसू नये, गावात विचारून वर जावे आणि गावातच पैसे देऊन जेवावे.

शेवटची मागणी शाळांकडे. एका शाळेच्या सहलीच्या बैठकीत मी एकदा सुचवले की मुलांना एखाद्या पठारावर चालायला नेऊ. क्षणभर शांतता पसरली. मग एकाने विचारले, "पण तिथे मुलांनी करायचे काय?" सहल शेवटी पाण्याच्या घसरगुंड्यांच्या बागेत गेली. तो प्रश्न वाईट हेतूने विचारलेला नव्हता, म्हणून तो अधिक छळतो. ज्या मुलांच्या घरात पाय पसरायला जागा नाही त्यांनी मोकळ्या जागेत काय करायचे? पळायचे! ओरडायचे, पालथे पडून बोटभर फूल पाहायचे आणि कंटाळायचे सुद्धा. क्षितिज एकदा तरी पुरते गोल पाहिलेले मूल पुढे मोठे झाल्यावर कोणत्याही नकाशावर सहजासहजी 'इथे काही नाही' असे लिहू शकणार नाही, असा माझा मास्तरकीतला भाबडा विश्वास आहे.

वाचकहो, हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा तुमच्याही अंगणात, गच्चीवर किंवा जिन्याखाली एखादा किल्ला उभा असेल. मोहरी उगवली असेल, मावळे चढत असतील. त्याच्या एका कडेला वीतभर जागा उघडी ठेवायला मुलांना सांगा. तिच्यावर काही पेरू नका, काही मांडू नका. कोणी विचारलेच, की ही जागा रिकामी का, तर तिला नाव आहे असे सांगा. आमच्या कारभाऱ्याला मी यंदा ते नाव शिकवले आहे. त्याला ते पटले आहे असे अजून वाटत नाही. गाड्या कुठे लावायच्या, हा त्याचा प्रश्न कायम आहे. मी त्याला म्हटले, "खाली, पायथ्याशी. वर चालत जायचे."